खंडणी कोणी मागितली आणि कोणाला पोचली? – ख्रिस्ती विचारातले पाप आणि तारण

मुद्रितशोधक

नमस्कार मंडळी.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे आणि जन्माने किंवा श्रद्धेने ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या प्रश्नातले अज्ञान कोणी खोडसाळपणा समजणार नाही. लेंथच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत वाचण्यासाठी एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) काढलेली छोटी पुस्तिका गेल्या महिन्यात माझ्याकडे तपासायला आली. तिच्या अकराव्या पानावर बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले वाक्य होते, की ख्रिस्त येशूच्या ठायी असलेल्या 'खंडणीच्या द्वारे' माणसे 'विनामूल्य' नीतिमान ठरतात. रोज सकाळी वर्तमानपत्रात खंडणीखोरांच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाचा हात जसा थबकेल तसा माझा थबकला. मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात 'मुक्ती?' असे लिहिले. पाळकसाहेबांकडून प्रूफ परत आले तेव्हा माझा शब्द खोडलेला होता, 'खंडणी'खाली टिंबे दिलेली होती आणि बाजूला पेन्सिलीने 'राहू द्यावे' एवढेच लिहिलेले होते.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. पुढच्या पानावरचा 'तारण' हा शब्दही मला आता आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेच्या 'सोनेतारण कर्ज' या पाटीशिवाय दिसत नाही. माझा प्रश्न भाषेचा वाटला तरी केवळ भाषेचा नाही. खंडणी म्हटली की ती मागणारा कोणीतरी असतो. मग येथे ती कोणी मागितली आणि कोणाला पोचली? ती दिली गेली असेल तर 'विनामूल्य' काय झाले? आणि सर्वांत मूळची अडचण म्हणजे, एकाचे पाप दुसऱ्याने फेडायचे कसे? आपण तर वाल्या कोळ्याच्या गोष्टीवर वाढलो. बायकामुलांनी 'तुमच्या पापात आम्ही वाटेकरी नाही' असे सांगितले, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले.

सातबारा_उतारा

खंडणी मागणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो एवढे मला ठाऊक आहे. येथे फिर्यादी, आरोपी आणि पंच एकच असल्याचे दिसते, त्यामुळे तपास अवघड आहे.

बोरूबहाद्दर

मी नगर जिल्ह्यात, मिशनच्या शाळेच्या आवारात वाढलो, त्यामुळे हे शब्द माझ्या कानांना कधीच खटकले नाहीत. खटकायला हवे होते हे आज कळले.

मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन' असा आहे. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेली रक्कम, असा त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ होता. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःविषयी म्हणतो की मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. तेथे हाच शब्द आहे, आणि रोमकरांस पत्रात त्यापासूनच झालेला शब्द आहे. मराठीतही 'खंडणी' पूर्वी गुंडांच्या मालकीची नव्हती. खंडाने शेत करणे आपण आजही म्हणतो. खंड म्हणजे ठरवून दिलेली रक्कम. मराठेशाहीत खंडणी ठरली आणि पोचली की वेढा उठत असे. भाषांतरकारांच्या कानात तो वेढा उठण्याचा अर्थ होता, आजच्या वर्तमानपत्रातला नव्हता.

'विनामूल्य'चे उत्तर सोपे आहे. ज्याला सोडवले त्याला ते विनामूल्य पडले. ज्याने सोडवले त्याला नाही. मात्र ती रक्कम कोणाला पोचली याचे उत्तर मी देणार नाही, कारण त्यावर दीड हजारांहून अधिक वर्षे वाद चालू आहे आणि या धाग्यावर तो वाद घालायला उत्सुक असलेले एक सदस्य मला माहीत आहेत.

जुनी_विहीर

मी वसईची, कॅथलिक. बोरूबहाद्दर यांचे सगळे मान्य करूनही सांगते की आमच्याकडे पापाची शिकवण खंडणीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्रापासून. त्या गोष्टीत पैसे उडवणारा मुलगा आहे, परतीच्या वाटेवर पाठ करून ठेवलेले माफीचे वाक्य आहे, आणि ते वाक्य पुरे बोलू न देणारा बाप आहे. खंडणी कोणी कोणाला देत नाही.

आठव्या वर्षी पहिल्यांदा पापनिवेदनाला गेले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. लाकडी जाळीपलीकडे फादरांचा कान तेवढा दिसत होता. माझ्याकडे सांगण्याजोगे पाप नव्हते, म्हणून मी मैत्रिणीचे ऐकून 'पेरू चोरले' असे सांगितले. बाहेर आल्यावर आजीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "आता परत जा. आतमध्ये खोटं बोललीस, हे तुझं पहिलं खरं पाप." मी परत गेले. फादर हसू दाबत होते असे आज वाटते, तेव्हा मात्र मी थरथरत होते.

आमच्या शिकवणीत पापाची प्रतवारी आहे, हे बाहेरच्यांना विचित्र वाटते. प्राणघातक पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे याची पुरती जाणीव असली पाहिजे, आणि तरीही मन पूर्ण राजी असले पाहिजे. पेरूंच्या बाबतीत तिन्ही नव्हत्या.

शंकासूर

पेरू गोड आहेत, पण मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. मला पापापेक्षा आदिपापाची अडचण वाटते. आदामाने फळ खाल्ले आणि त्याचा दोष आज वसईच्या किंवा नगरच्या पाळण्यातल्या बाळाला, हा कोणता न्याय? विशेष म्हणजे हे बायबललाही पटत नाही असे दिसते. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की जो पाप करील तोच मरेल, बापाच्या अन्यायाचा भार मुलगा वाहणार नाही. म्हणजे यहेज्केल आणि वाल्याची बायको यांचे मत एकच होते. मग रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाला वेगळे काय सुचले?

ग्रीकपुराण

ज्या उत्सुक सदस्याचा उल्लेख झाला तो मी. शंकासूर, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या बाराव्या ओवीत – क्षमस्व, वचनात – पौल म्हणतो की एका माणसाद्वारे पाप जगात आले, पापाद्वारे मरण आले, आणि सर्वांनी पाप केल्यामुळे ते सर्वांमध्ये पसरले. 'केल्यामुळे' असा ज्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक आज लावतात, ते ग्रीक शब्द लॅटिन भाषांतरात 'ज्याच्यात' असे वाचता येतील अशा रीतीने उतरले. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या बिशप ऑगस्टीनने (354 ते 430) ते तसेच वाचले: 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले', म्हणजे आदामात आपण सगळे होतोच. त्याचा सगळा सिद्धान्त या एका शब्दावर उभा आहे असे म्हणणे अन्याय होईल, कारण स्वतःच्या तारुण्याचा अनुभव हाच त्याचा मोठा पुरावा होता. परंतु त्या वाचनाने सिद्धान्ताला बळ दिले, हे खरे. त्याचा प्रतिस्पर्धी पेलाजियस याचे म्हणणे साधारण आपल्यासारखे होते, की माणसाने ठरवले तर तो चांगला वागू शकतो, आदामाने वाईट उदाहरण घालून दिले एवढेच. 418 मध्ये कार्थेजच्या सभेने पेलाजियसची मते फेटाळली.

पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेने मात्र दोष वारशाने येतो असे कधी मानले नाही. वारशाने येते ते मरण, आणि मरणाच्या भीतीतून येणारी ओढाताण. त्यांच्या दृष्टीने पाप हा रोग अधिक आणि गुन्हा कमी. म्हणून ख्रिस्त हा वैद्य अधिक आणि जामीनदार कमी.

आता खंडणी कोणाला पोचली याविषयी. चौथ्या शतकातल्या निसाच्या बिशप ग्रेगरीने उत्तर दिले की सैतानाला. माणूस सैतानाच्या कैदेत होता. ख्रिस्ताचा मानवी देह हे आमिष होते, त्यात देवत्वाचा गळ दडला होता, आणि सैतानाने तो गिळला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे असह्य झाले. दरोडेखोराला किंमत मोजायची, आणि तीही देवाची, ही त्याला लाजिरवाणी कल्पना वाटली. पण पित्याला दिली म्हणावे, तर पित्याच्या कैदेत आपण नव्हतोच. थोडक्यात, मुद्रितशोधकांनी समासात काढलेले प्रश्नचिन्ह सोळाशे वर्षे जुने आहे.

पश्चिमेत कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने 1098 च्या सुमारास सैतानाला व्यवहारातून काढूनच टाकले. त्याच्या मते पापाने देवाच्या मानाचे देणे थकते. ते फेडायला माणूस बांधील आहे, पण समर्थ फक्त देव आहे, म्हणून देवच माणूस झाला. पुढच्याच पिढीतल्या आबेलार या फ्रेंच पंडिताने विचारले की निरपराध मुलाचे रक्त मागून समाधान पावणारा हा कसला देव, आणि उत्तर दिले की क्रूसावर प्रेमाचे टोक दिसते, ते पाहून माणूस आतून बदलतो. यांपैकी कोणताही एक सिद्धान्त सगळ्या ख्रिस्ती जगाने मिळून ठराव करून स्वीकारलेला नाही. येशू ख्रिस्त कोण आहे यावर जुन्या महासभांनी शब्द मोजून निर्णय दिले; त्याने नेमके कसे तारले यावर दिले नाहीत.

सातबारा_उतारा

आधी थट्टा केली, आता गांभीर्याने लिहितो. माझ्या वडिलांनी विकास सोसायटीचे कर्ज घेतले होते. ते वारल्यावर काकांनी आम्हा भावंडांना न सांगता ते फेडले. बेबाकीचा दाखला काकांच्या ट्रंकेत पडून होता आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा मात्र तसाच होता. पुढे सहा वर्षे आम्ही स्वतःला कर्जबाजारी समजत होतो आणि त्या भीतीने काकांच्या दारातही जात नव्हतो. दाखला हाती आल्यावर तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार झाला, तेव्हा बोजा उतरला. ज्यांना 'विनामूल्य' समजत नाही त्यांनी हे प्रकरण लक्षात घ्यावे. कर्ज फिटले होते. बातमी पोचली नव्हती.

बोरूबहाद्दर

सातबारा, आमच्या पाळकांना हा दाखला कळला तर पुढच्या रविवारी तो व्यासपीठावरून ऐकू येईल. आमच्याकडे 'सुवार्ता' म्हणतात ती अगदी हीच, फिटल्याची बातमी. प्रभूच्या प्रार्थनेतही मत्तयाच्या शुभवर्तमानात 'ऋण' हाच शब्द आहे. आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले तशी तू आमची ऋणे सोड, असे आम्ही लहानपणापासून म्हणतो. लूकने त्याच जागी 'पापे' म्हटले आहे.

जुनी_विहीर

दाखला चांगला आहे, पण आमच्या कॅथलिक आणि तुमच्या प्रोटेस्टंट मंडळींत जो फरक पडतो तोही त्यातच दिसतो. कर्ज फिटले तरी सहा वर्षे काकांशी तुटलेले बोलणे कोण जोडणार? पापाची क्षमा झाली तरी पापाने केलेली पडझड उरते, असे आम्ही मानतो; प्रायश्चित्त त्यासाठी आहे. शुभवर्तमानातल्या जक्कया या जकातदाराने नुसते 'चुकलो' म्हटले नाही, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन म्हणाला. या विचाराचा पुढे बाजार झाला, दंडमाफीची पत्रे विकली गेली आणि 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथर चिडला, ते योग्यच झाले. तरी मूळ विचार चुकीचा नव्हता.

आणि हो, 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन महासंघाने आणि आमच्या ख्रिस्तसभेने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, की माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर कृपेनेच देवाला मान्य होतो. म्हणजे अर्धे भांडण कागदोपत्री मिटले आहे. उरलेले आपण येथे चालू ठेवू.

शंकासूरराव, तुमच्या पाळण्यातल्या बाळाविषयीही एक सांगते. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) होण्याआधीच वारलेल्या बाळांना स्वर्गही नाही आणि यातनाही नाहीत अशी एक मधली जागा असते, असे धर्मपंडित पूर्वी मानत. तो कधीच अधिकृत सिद्धान्त नव्हता. 2007 मध्ये रोमच्या धर्मशास्त्रीय आयोगाने, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत, असे प्रसिद्ध केले. माझ्या आजीचे एक मूल असेच गेले होते. हे ऐकायला ती नव्हती.

पाटाचे_पाणी

बराच वेळ नुसता वाचत होतो. येथे सगळे आदिपापाकडे अन्याय म्हणून पाहत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझ्या पणजोबांनी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात बाप्तिस्मा घेतला. ते महारवाड्यात जन्मले. त्यांना गावाने सांगितले होते की तुझा जन्म हेच तुझ्या मागच्या पापाचे फळ आहे, आणि पाटील-कुलकर्ण्यांचा जन्म हे त्यांच्या मागच्या पुण्याचे. या हिशेबात पापाचा सगळा बोजा गावकुसाबाहेर नोंदला गेला होता. अशा माणसाला कोणी पहिल्यांदा वाचून दाखवले की 'सर्वांनी पाप केले आहे', तेव्हा त्याला ते अपमानास्पद वाटले असेल का? आमच्या घरात सांगतात की पणजोबांनी विचारले, "सर्वांनी म्हणजे कुलकर्ण्यांनी पण?" होय म्हटल्यावर ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

ज्यांना जन्मतः निर्दोष मानले गेले त्यांना आदिपाप हा आरोप वाटतो. ज्यांच्यावर आरोप आधीच होता, त्यांना त्यात सगळे एका रांगेत उभे राहिलेले दिसले.

शंकासूर

पाटाचे पाणी, ही बाजू मी खरोखर पाहिली नव्हती. तरी एक शंका उरते: रांग एक झाली, पण चर्चमधली बाके एक झाली का? जातींचे वेगळे गट बाप्तिस्म्यानंतरही राहिले, हे आपणही नाकारणार नाही.

पाटाचे_पाणी

नाकारत नाही. आमच्याकडे सोयरीक जुळवताना आजही पूर्वीची जात हळूच विचारली जाते. यालाही पापच म्हणतात, आणि ते मंडळीच्या आतले आहे.

संपादक

सदस्यांनी कृपया धर्मांतर योग्य की अयोग्य या वादात शिरू नये. त्यावर तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत.

केडगावमार्गे

पंडिता रमाबाईंचा अनुभव येथे सांगायलाच हवा, कारण पाप आणि तारण यांचा क्रम त्यांच्या बाबतीत पुस्तकी क्रमाच्या उलट लागला. 1883 मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींकडे, होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम येथील आपल्या आश्रमात नेले, जेथे 'पतित' म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सांभाळले जात होते. अशा स्त्रियांना आपल्याकडे घराबाहेर काढतात, आणि येथे त्यांची शुश्रूषा होते, हे पाहून त्या चकित झाल्या. त्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री आणि विहिरीवरचा येशू ही कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी स्वतःच नंतर लिहिले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना पापक्षमेचा जिवंत अनुभव आला. इतक्या विदुषीला सिद्धान्त समजायला अडचण नव्हती. सिद्धान्त समजणे आणि ओझे उतरणे यांत आठ वर्षांचे अंतर पडले. केडगावच्या संस्थेला त्यांनी 'मुक्ती' हे नाव दिले, आणि तेथे टाकलेल्या स्त्रियांसाठी जे घर काढले त्याचे नाव 'कृपासदन' ठेवले.

कुळागर

मुद्रितशोधकांच्या शब्दाच्या प्रश्नावर गोव्याहून थोडी भर. हा पेच सर्वांत आधी ज्याला पडला असेल तो फादर थॉमस स्टीफन्स, 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट. त्याचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. त्याच्या पहिल्या भागात सृष्टी, आदामाचे पतन आणि तारकाची वाट पाहणे आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. स्वर्गाला तो बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हणतो. त्याने नवे शब्द घडवण्यापेक्षा श्रोत्यांच्या तोंडातले शब्द उचलले आणि कथा सांगून त्यांचा अर्थ हळूहळू वळवला. आमच्याकडे पापनिवेदनाला मात्र पोर्तुगिजांपासून आलेला 'कुमसार' हा शब्दच राहिला. तो कोणी वळवला नाही.

ग्रीकपुराण

वाल्या कोळ्याचे उत्तर अजून कोणी दिले नाही, म्हणून परत आलो.

हिब्रू परंपरेत 'गोएल' नावाचा नातेवाईक असतो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे, भाऊबंद गरिबीने जमीन विकून बसला, किंवा स्वतःलाच विकून गुलाम झाला, तर जवळच्या आप्ताने पैसे भरून ती जमीन किंवा तो माणूस सोडवून आणायचा. रूथच्या पुस्तकात बवाज हेच करतो. 'सोडवणारा' हा देवाला लावलेला शब्द तेथूनच आला आहे. म्हणजे खंडणीच्या मागे मुळात खंडणीखोर नाही. गहाण सोडवणारा भाऊबंद आहे. सोडवण्याचा हक्क त्याला नात्यामुळे मिळतो, आणि म्हणूनच देवाने माणूस होणे या विचारात अपरिहार्य ठरते, कारण परक्याला तो हक्कच नाही. वाल्याच्या बायकोने वाटेकरी व्हायला नकार दिला, तिचे चुकले नाही. ख्रिस्ती कथेत एकाने 'मी वाटेकरी' म्हटले, आणि तसे म्हणण्याआधी त्याने नाते जोडले.

यहेज्केलाला याने उत्तर मिळते असे मी म्हणत नाही. कोणी भार लादू नये आणि कोणी आपणहून उचलावा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकेच.

शंकासूर

पटले असे नाही, पण समजले.

मुद्रितशोधक

सर्वांचे आभार. आज पुस्तिकेचे शेवटचे प्रूफ हातावेगळे केले. अकराव्या पानावर 'खंडणी' राहिली आहे. पाळकसाहेबांना दूरध्वनी करून विचारले, की निदान तळटीप देऊ या का. ते म्हणाले, "शब्द खटकला म्हणून तुम्ही पंधरा दिवस विचार केलात ना? मग वाचकालाही खटकू द्या."

आता चौदाव्या पानावर 'पापाचे वेतन मरण आहे' असे आहे. तेथे 'फळ' बरे दिसेल का?

बोरूबहाद्दर

नको. मूळ ग्रीक शब्द सैनिकाच्या पगाराचा आहे. त्याच वाक्याच्या उत्तरार्धात 'कृपादान' येते. एक राबून मिळवलेले आणि एक न मिळवता मिळालेले. 'फळ' केलेत तर तो विरोध बुडेल.

सातबारा_उतारा

वेतन आयोग लागू आहे का, एवढे कळवावे.

मुद्रितशोधक

चौदाव्या पानावरही टिंबे दिली. त्याच ओळीत 'युगानुयुगाचे'मधला 'नु' दीर्घ पडला होता, तेवढा ऱ्हस्व केला.